नाना चार तारखेला नाही, दहा तारखेला जायचे

काका, नमस्कार.

मी नाशिकरोडला, जेलरोडच्या बाजूला राहते. माझे वडील गेल्या वर्षी गेले. आम्ही त्यांना नाना म्हणायचो. पंचाहत्तर पूर्ण झाली होती. मूळ गाव निफाड तालुक्यातलं. १९६६ साली घरात न सांगता मुंबईला पळाले आणि नेव्हीत भरती झाले. पंधरा वर्षं करून १९८१ ला परत आले, इथल्या सरकारी प्रेसमध्ये लागले आणि तिथूनच रिटायर झाले. प्रेसमधलं सगळं सांगायचे. कोणत्या मशीनवर कोण होतं, कँटीनची भजी कधी बिघडली, बोनस किती दिवस अडला. नेव्हीतलं मात्र काही नाही. आईला विचारलं तर ती म्हणते, मला एवढंच माहीत की लढाईत होते आणि जिवंत आले.

आता वर्षश्राद्ध आलंय. भावाला त्या दिवशी गावात मोठा फ्लेक्स लावायचाय आणि छोटी पुस्तिका काढायचीय. त्यानं मजकूर तयार केलाय: ‘कराची बंदर बेचिराख करणारे शूर नौदल अधिकारी, व्ही.जी. पदकाचे मानकरी’. चुलत भाऊ सांगतो, नाना एकदा त्याच्याशी बोलता बोलता म्हणाले होते की आम्ही कराचीला गेलो होतो. भाऊ म्हणतो, बास, एवढं पुरे. मला ते पटत नाही, पण का पटत नाही ते सांगता येत नाही.

माळ्यावर त्यांची ट्रंक होती, ती उघडली. एक जुनं सर्टिफिकेट, तीन पदकं, पाठीमागे ‘१०/१२’ एवढंच लिहिलेला एक फोटो आणि एक जाड चाकू, ज्याच्या दुसऱ्या बाजूला दाभणासारखा टोचा आहे. सगळ्याच्या झेरॉक्स आणि फोटो पाठवतेय. सर्टिफिकेटवर ‘आंग्रे’, ‘कच्छल’, ‘वेंदुरुथी’ अशी नावं लागतात. यातलं कराचीला गेलेलं कोणतं? भाऊ म्हणतो आंग्रे. एका कार्यालयात चौकशी केली तर खिडकीतल्या माणसानं मान वर न करता सांगितलं, ‘एकाहत्तरचं रेकॉर्ड मिळत नाही.’

आणखी एक. ४ डिसेंबरला नौदल दिन असतो, टीव्हीवर गेटवेचा बँड लागतो. नाना तेव्हा उठून गच्चीवर जायचे, कपड्यांची दोरी ताणत बसायचे. ती दोरी त्यांनीच बांधलेली, तिला गाठ नाहीच, टोकाला दोर दोरातच विणून घेतलाय आणि पुढे त्याची उंदराच्या शेपटीसारखी बारीक शेपटी होत गेलीय. पण १० डिसेंबरला मात्र पहाटे स्कूटर काढून रामकुंडावर जायचे. दरवर्षी. मी नऊ वर्षांची असताना एकदा हट्टानं बरोबर गेले होते. गुरुजी म्हणाले, श्राद्ध तिथीला करतात, तारखेला नाही. नाना म्हणाले, मला तारीखच माहीत आहे. गुरुजींनी गोत्र विचारलं. नाना म्हणाले, ठाऊक नाही. गुरुजी म्हणाले, मग काश्यप. नाव? तर म्हणाले, सगळ्यांची येत नाहीत. मग कुंडात उभे राहून ओंजळीनं पाणी सोडत राहिले. मोजत होते. मी थंडीनं काकडले आणि रडायला लागले, तरी थांबले नाहीत.

आमच्या घरात १० डिसेंबरला गेलेलं कोणीही नाही. हे कोणासाठी होतं? आणि यंदा ते नाहीत, तर मी गेले तर चालेल का? मुलगी आहे म्हणून विचारते.

— एक मुलगी, नाशिकरोड

*

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा कागदांसाठी, दुसऱ्यांदा दोरीसाठी. तिसऱ्यांदा का, ते पुढे येईल.

माझी ओळख दर महिन्याला वर छापतात, तरी नव्या वाचकांसाठी सांगतो. मी नौदलात राइटर शाखेत होतो. राइटर म्हणजे लेखक नव्हे, जहाजावरचा कारकून. लोकांनी समुद्र बघितला, मी लोकांच्या फायली बघितल्या. आपल्या नाशकात फौजी म्हटलं की डोळ्यांसमोर देवळालीचा तोफखाना येतो. मी नेव्हीत होतो म्हटलं की गल्लीतले लोक विचारतात, ‘म्हणजे गोव्याला?’ गोदावरी नावाची एक युद्धनौका माझगाव डॉकमध्ये बांधली आणि १९८३ साली नौदलात आली, ती २०१५ पर्यंत सेवेत होती, हे रामकुंडाच्या पायऱ्यांवर दहा जणांना विचारून बघा, एकाला ठाऊक नसेल.

तर आधी दोरी.

सर्टिफिकेटची झेरॉक्स इतकी फिकी आहे की शाखेचा रकाना मला लागलाच नाही. पण तो न वाचताही मला कळलं होतं की नाना सीमन शाखेचे, म्हणजे जहाजावर दोर-बोटींची कामं करणारे. तुम्ही जे वर्णन केलंय त्याला आय स्प्लाइस म्हणतात. तीन पिळांचा दोर असतो. त्याचं टोक उकलायचं, तिन्ही पीळ सुटे करायचे, दोराचा फास वळवायचा आणि एकेक पीळ मूळ दोरात पिळाच्या उलट दिशेनं घालायचा, एकावरून, एकाखालून. तिन्ही पीळ एकदा घातले की एक फेरी. सुती दोराला तीन फेऱ्या पुरतात. नायलॉन गुळगुळीत, निसटतो, त्याला पाच तरी लागतात. शेवटी पिळातले थोडे थोडे धागे कापत जायचं म्हणजे जाडी एकदम संपत नाही, हळूहळू उतरते. ती तुमची उंदराची शेपटी. गाठ मारली की दोराची ताकद बरीच कमी होते, स्प्लाइसनं फारच थोडी जाते. पीळ उघडायला जे टोकदार हत्यार लागतं ते तुम्ही चाकूच्या दुसऱ्या बाजूला बघितलेला टोचा. त्याला मार्लिन स्पाइक म्हणतात. तो चाकू भाजीचा नाही, मारामारीचाही नाही. तो दोराचा आहे.

आम्हा राइटर लोकांना हे येत नाही. मी दोन वेळा शिकलो आणि तीन वेळा विसरलो. शिकवणारे चीफ, म्हणजे खलाशांतले वरिष्ठ, म्हणायचे, ‘तू फायलींचीच गाठ मार बाबा.’ हात चाळीस वर्षांनीसुद्धा असं काम करतात, म्हणजे त्या हातांनी जहाजावर ते हजारदा केलेलं असतं. गच्चीवरची ती दोरी कोणी बदलायला निघालं तर बदलू देऊ नका. तुम्हाला हवं ते नवं घ्या, पण फासाचं टोक कापून ठेवा.

आता कागद.

‘आंग्रे’ हे जहाज नाही. तिथेच तुमच्या भावाचं गणित चुकलं, आणि त्याचा दोष नाही, नावापुढे आय.एन.एस. लागतं म्हणून सगळेच फसतात. आंग्रे हा मुंबईच्या फोर्टमधला नौदलाचा तळ आहे. कान्होजी आंग्र्यांचं नाव त्याला १९५१ साली मिळालं. इंग्रजांच्या जुन्या बॉम्बे कॅसलचे दगडी तट त्याच्या आवारात आहेत. त्या तटाला कोणी कराचीला नेलं असेल तर मला कळवा. नौदलात जमिनीवरच्या तळालासुद्धा जहाजाचं नाव देतात आणि तिथे बसलेला माणूसही ‘शिपवर’ असतो. एका जहाजावरून उतरून दुसऱ्यावर चढेपर्यंत खलाशी तळाच्या वहीवर असतो. म्हणून सर्व्हिस सर्टिफिकेटवर मधूनमधून आंग्रे येतं. वेंदुरुथी तसंच, ते कोचीचं. तिथे नाना कोर्सला गेले असणार.

‘कच्छल’ मात्र खरंखुरं जहाज. निकोबारच्या एका बेटाचं नाव. रशियाकडून घेतलेल्या छोट्या पाणबुडीविरोधी नौकांपैकी एक. झेरॉक्स खिडकीच्या उजेडात धरली तर कच्छलच्या रकान्यात सप्टेंबर १९७१ आणि पुढे १९७३ वाचता येतं. म्हणजे डिसेंबर १९७१ मध्ये नाना तिच्यावर होते. हे आता मला भिंगानं बघायची गरज नाही.

‘व्ही.जी.’ हे पदक नाही ताई. तुमच्या भावाला ते कदाचित ‘वीर गौरव’सारखं वाटलं असेल. खलाशाच्या सर्टिफिकेटवर वर्षाच्या शेवटी वर्तणुकीचा शेरा मारतात. व्ही.जी. म्हणजे वर्तणूक फार चांगली. माझ्याही सर्टिफिकेटवर आहेत. एका वर्षी नाही, त्याचं कारण मी घरात अजून सांगितलेलं नाही.

‘अधिकारी’ही काढा. ते निवृत्त होताना पेटी ऑफिसर होते. नावात ऑफिसर असलं तरी ती खलाशांतली वरची पायरी, साधारण लष्करातल्या हवालदारासारखी. यात कमीपणा काही नाही. जहाज चालतं ते याच लोकांवर. पण फ्लेक्सवर अधिकारी छापलं आणि गावातला एखादा जाणता माणूस ते वाचून गालात हसला, तर तो हसेल नानांना, भावाला नाही.

पदकं तीन आहेत. तुमच्या फोटोत पाच टोकांच्या ताऱ्यासारखं आहे तो पश्चिमी स्टार, तो १९७१ मध्ये पश्चिम आघाडीवर असलेल्यांचा. पूर्वेकडच्यांना पूर्वी स्टार मिळाला. दुसरं संग्राम पदक, ते त्या युद्धकाळात सेवेत असलेल्या फार मोठ्या संख्येला मिळालं. तिसरं स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं, १९७२ चं. तिन्ही पदकं सेवेची आहेत, शौर्याची नाहीत, आणि तरी पहिल्याची किंमत मला कमी वाटत नाही. चिंच किंवा राख लावून ती घासू नका. वरचा तो तपकिरी थर पन्नास वर्षांचा आहे. फितींना कसर लागते, म्हणून सुती कापडात गुंडाळा. प्लास्टिकच्या पिशवीत नको, आपल्याकडे पावसाळ्यात आत घाम धरतो. चाकूच्या सांध्याला थेंबभर शिलाई मशीनचं तेल.

आता कराची. चुलत भाऊ खोटं बोलत नाही. नानाही नाही.

४ डिसेंबर १९७१ च्या रात्री निर्घात, निपात आणि वीर या तीन क्षेपणास्त्र नौका कराचीवर गेल्या. त्या लहान, वेगवान, पण इंधन थोडं. म्हणून त्यांच्याबरोबर दोन मोठी जहाजं होती, किलतान आणि कच्छल. त्या रात्री पाकिस्तानची खैबर ही विनाशिका आणि मुहाफिज ही सुरुंग काढणारी नौका बुडाली. आपल्या बाजूचा एकही माणूस गेला नाही. नौदल दिन ४ डिसेंबरला असतो तो यामुळेच. कच्छलवर क्षेपणास्त्रं नव्हतीच. तिच्याकडे तोफा, टॉर्पेडो आणि पाणबुडीवर मारायची रॉकेट्स. म्हणजे ‘कराची बेचिराख करणारे’ हे नानांच्या नावावर लावता येणार नाही. ‘कराचीवरच्या मोहिमेत कच्छलवर होते’ हे लावता येईल, आणि ते शंभर टक्के खरं आहे. बावीस वर्षांचा निफाडचा पोरगा त्या रात्री कराचीच्या दक्षिणेला अंधारात उभा होता. त्याला मखर लावायची गरज काय?

मी त्या डिसेंबरात शाळेत होतो. आमच्या घराच्या काचांना वडिलांनी काळा कागद खळीनं चिकटवला होता आणि मी त्याला नखानं भोक पाडलं म्हणून मार खाल्ला होता. हे अर्थातच विषयाबाहेर.

आता तुमचा खरा प्रश्न. दहा तारीख.

९ डिसेंबर १९७१. दीवच्या पुढे समुद्रात पाकिस्तानची हंगोर ही पाणबुडी असल्याचा सुगावा लागला होता. तिला शोधायला मुंबईहून खुकरी आणि किरपाण या दोन फ्रिगेट गेल्या. तिसरी कुठार होती, तिच्या बॉयलरमध्ये स्फोट झाला आणि तिला परत ओढून न्यावं लागलं होतं. वद्य पक्ष होता, चंद्र उगवायला मध्यरात्र होणार होती. रात्री पावणेनऊच्या सुमारास हंगोरचा टॉर्पेडो खुकरीला लागला. काही मिनिटांत जहाज पाण्याखाली गेलं. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबर गेले, त्यांना मरणोत्तर महावीर चक्र दिलं. त्यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ खलाशी गेले. दुसऱ्या महायुद्धानंतर पाणबुडीनं बुडवलेलं जगातलं ते पहिलं युद्धजहाज. जे तराफ्यांवर चढू शकले त्यांनी रात्र समुद्रात काढली.

१० डिसेंबरला त्यांना पाण्यातून वर घेतलं ते कच्छलनं. ६ अधिकारी, ६१ खलाशी.

खुकरी वाफेवर चालायची. तिच्या टाक्यांत काळं, डांबरासारखं घट्ट तेल. जहाज फुटतं तेव्हा ते तेल पाण्यावर पसरतं. डोळ्यांत जातं, नाकातोंडात जातं, अंगावर जाड थर बसतो. जहाजाच्या कडेवरून दोरांची जाळी सोडतात, तिला धरून माणसानं चढायचं असतं, पण रात्रभर पाण्यात काढलेल्याच्या बोटांत काय उरणार? मग वरून दोर टाकायचा, फास काखेतून घालायचा, ओढून घ्यायचं. दोर टाकणं, जाळी सोडणं, बोट उतरवणं ही कामं जहाजावर सीमनची. म्हणजे नानांच्या शाखेची. माझ्या पहिल्या जहाजावर एक वयस्क चीफ होते, ते तेव्हा कच्छलवर होते. मी नवा, तोंडाळ. एकदा विचारलं. ते आपली वाटी धुवत होते. धुतच राहिले, बराच वेळ. मग एवढंच म्हणाले, ‘हात धरला की निसटायचा. मनगट धरलं तरी निसटायचा. शेवटी सदऱ्याला धरायचो.’ त्यानंतर मी कधी त्यांना विचारलं नाही, त्यांनी कधी सांगितलं नाही. वाटी अजून डोळ्यांसमोर आहे.

तर तिसऱ्यांदा पत्र वाचलं ते तुमच्या गुरुजींसाठी. आपण नाशिककर, आपल्याला अस्थिविसर्जन म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. देशभरातून लोक अस्थी घेऊन रामकुंडावर येतात. पण ज्यांच्या अस्थीच नाहीत, त्यांचं काय करायचं? खुकरी अजून तळाशी आहे. तिच्यातून काही वर आलेलं नाही. गोत्र माहीत नसलं की काश्यप धरतात ही रीत गुरुजींना ठाऊक होती, आणि नानांना ती पुरेशी वाटली. पंजाबी, मल्याळी, बंगाली, कोकणी, आमच्या मेसमध्ये जेवढी माणसं तेवढी गावं असतात. कोणाचं गोत्र कोण विचारतो? त्यातले काही मुसलमान असतील, काही ख्रिस्ती. सगळ्यांना काश्यप. मला यावर काही टीका करायची नाही, हसावंसं मात्र वाटतं, आणि मग वाटत नाही.

नाना ओंजळी मोजत होते म्हणता. किती ते तुम्हाला आठवत नाही, आठवणार कसं, तुम्ही नऊ वर्षांच्या आणि काकडलेल्या. गेलेल्यांचा आकडा मी वर लिहिलाय. एका ओंजळीला तीन-चार सेकंद धरा आणि तुम्हीच हिशेब करा, रडायला किती वेळ मिळाला असेल ते. फोटोच्या मागे ‘१०/१२’ का, तेही त्यातच आलं. फोटोत सहा जण आहेत. चौघांचे गणवेश धुतलेले, दोघांच्या अंगावर दुसऱ्याचे सदरे. बाह्या बघा, लांब आहेत. मला वाटतं ते दोघे खुकरीचे असावेत, पण हे फ्लेक्सवर घालू नका.

फ्लेक्स आणि पुस्तिकेबद्दल माझं मत विचारलंत म्हणून सांगतो. नाव. निफाड तालुक्यातलं गाव. भारतीय नौदल, १९६६ ते १९८१, पेटी ऑफिसर, सीमन शाखा. १९७१ च्या युद्धात आय.एन.एस. कच्छल. पश्चिमी स्टार. खाली हवं तर: ४ डिसेंबरच्या कराची मोहिमेत आणि १० डिसेंबरला खुकरीच्या वाचलेल्यांना घेणाऱ्या जहाजावर. एवढंच. फोटोला मागे तोफ, तिरंगा आणि झेपावणारा वाघ लावू नका. फ्लेक्सवाला न सांगता लावतो. प्रूफ मागून घ्या. भाऊ चिडेल. त्याला हे पत्र वाचायला द्या, माझ्या नावावर खपेल.

त्या खिडकीतल्या माणसाकडे परत जायची गरज नाही. खलाशांची सेवापुस्तकं तिथे नसतात. ती मुंबईत मानखुर्दला नौदलाच्या कमोडोर, ब्युरो ऑफ सेलर्स यांच्याकडे असतात. साधा अर्ज करा, इंग्रजीत किंवा हिंदीत. त्यात नानांचा ऑफिशियल नंबर, जो सर्टिफिकेटच्या वरच्या कोपऱ्यात आहे, पूर्ण नाव, जन्मतारीख, भरतीची तारीख. सोबत मृत्यूचा दाखला, तुमचं नातं दाखवणारा कागद आणि आईंची सही. सही आईंचीच घ्या, पत्नीच्या अर्जाला उत्तर लवकर येतं असा माझा अनुभव आहे. नानांचं निवृत्तिवेतनाचं पत्र असेल तर त्याची प्रत जोडा. मागायचं ते एकच: कोणत्या जहाजावर कधीपासून कधीपर्यंत. ‘सर्व माहिती द्यावी’ असं लिहू नका. फायलीवर बसून मी असे अर्ज बघितलेत, ते ढिगाच्या तळाशी जातात.

न विचारलेली एक गोष्ट. आईंना नेव्हीचं कुटुंब निवृत्तिवेतन आणि प्रेसचं, दोन्ही मिळतंय ना? बऱ्याच घरांत एकच चालू असतं, कारण पूर्वी दोन मिळत नसत. २४ सप्टेंबर २०१२ पासून माजी सैनिकाच्या पत्नीला दोन्हीकडचं घेता येतं. बँकेत पासबुक घेऊन जा आणि विचारा.

दीवला कधी गेलात तर समुद्राच्या काठावर टेकाडावर खुकरीचं स्मारक आहे, काचेत जहाजाची प्रतिकृती आहे. त्याच नावाची पुढची नौका १९८९ ते २०२१ सेवेत होती, ती आता दीवलाच संग्रहालय म्हणून दिली आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात गेलेल्यांची नावं दगडात कोरलेली आहेत. नानांना ‘सगळ्यांची येत नाहीत’ ती नावं तिथे वाचता येतील.

आणि रामकुंड. मुलगी आहे म्हणून विचारता. शास्त्राचं मी सांगायला बसलो तर संपादक पान बदलतील. आजकाल मुली अग्नी देतात, तर्पण करतात, गुरुजीही करवून घेतात. एखादे कुरकुरले तर शेजारच्यांना विचारा, तिथे गुरुजींची कमी नाही. तिथी विचारतील, त्यांना तारीख सांगा. गोत्र विचारतील, ते तुम्हाला पाठ आहेच. यंदा एक ओंजळ जास्त.

पहाटे जाणार असाल तर शाल घ्या. आईंना वर रिक्षातच बसवा, डिसेंबरात त्या पायऱ्या ओल्या आणि शेवाळलेल्या असतात.